वारंवार होणारा लघवीचा संसर्ग आणि क्रॅनबेरी: कुणाला, कशी आणि किती उपयोगी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांच्या, मधुमेह आहे. वर्षभरात चार वेळा लघवीला जळजळ झाली आणि चारही वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. न्यू जर्सीतल्या बहिणीने क्रॅनबेरीच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत, इथल्या ड्रायफ्रूटच्या दुकानातून तुम्ही सुक्या क्रॅनबेरीही आणल्या आहेत, आणि शेजारच्या काकू म्हणतात की हे आपलं करवंदच, त्यात वेगळं काही नाही. तर यातलं काय द्यायचं, खरंच फरक पडतो का, आणि हे फळ मुळात आहे तरी काय?

मूत्रविकारांच्या ओपीडीत बरीच वर्षं बसते आहे. हा प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं. क्रॅनबेरी झालेला संसर्ग बरा करत नाही. लघवीला आग होतेय, थेंब थेंब होतेय, ताप आलाय, अशा वेळी क्रॅनबेरीवर दोन दिवस काढले तर ते दोन दिवस जंतूंना मिळतात. पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या काही स्त्रियांमध्ये पुढचा संसर्ग टाळायला मात्र तिची मदत होते. ही मदत खरी आहे, पण मर्यादित आहे, आणि कोणत्या रूपात घेतली यावर बरीच अवलंबून आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत क्रॅनबेरीच्या आधी दोन-तीन गोष्टी तपासायला हव्यात. त्यांच्याकडे मी पुढे येते, कारण त्या राहिल्या तर कॅप्सूलचा डबा संपेल आणि पाचवा संसर्ग तरीही होईल.

काकूंच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून बाजारात बरीच गल्लत होते. करवंद आणि क्रॅनबेरी यांचा काहीही संबंध नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातलं: काटेरी जाळी, तोडलं की पांढरा चीक, सह्याद्रीच्या उतारावर आपोआप वाढणारं. क्रॅनबेरी ब्लूबेरीची सख्खी नातेवाईक. ती उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या दलदलीत जमिनीलगत पसरणाऱ्या बुटक्या वेलीवर येते. तिला आंबट, वाळू आणि कुजलेल्या शेवाळाची माती लागते, भरपूर गोडं पाणी लागतं आणि झाड झोपी जाईल इतका लांब, कडक हिवाळा लागतो. आपल्या हवेत तिची शेती का होत नाही, हे यावरून कळेल. आपल्याकडे ऑनलाइन ‘इंडियन क्रॅनबेरी’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा करवंद असतं. केकवर बसवतात ती लाल ‘चेरी’सुद्धा आपल्याकडे पाकवलेलं, रंगवलेलं करवंदच असते. करवंद उत्तम फळ आहे. वैशाखात डोंगरची काळी मैना जरूर खा, लोणचं घाला. पण लघवीच्या संसर्गावर जे अभ्यास झाले ते क्रॅनबेरीवर झाले. त्यांचा हवाला देऊन करवंदाचा पाक विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

हे फळ औषधाच्या दुकानात यायच्या कितीतरी आधी लोकांच्या जेवणात होतं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे वाम्पानोआग आणि आसपासचे इतर मूळ रहिवासी ते कच्चं खात, वाळवून ठेवत, सुकवलेलं मांस आणि चरबी यांच्याबरोबर कुटून ‘पेमिकन’ नावाचं टिकाऊ अन्न बनवत, आणि वाटून जखमांवरही बांधत. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचे वाम्पानोआग आजही ऑक्टोबरात क्रॅनबेरीचा दिवस पाळतात. फळात नैसर्गिक बेंझोइक आम्ल असल्यामुळे ते लवकर नासत नाही. म्हणून जहाजांवर पिंपं भरून नेत आणि त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे खलाशी स्कर्व्हीपासून वाचत.

शेतीची सुरुवात १८१६ ची मानली जाते. केप कॉडवरच्या डेनिस गावी हेन्री हॉल नावाच्या निवृत्त सैनिकाच्या लक्षात आलं की वाऱ्याने वाळू उडून ज्या वेलींवर बसते, त्या मरण्याऐवजी जोमाने फुटतात. आजही क्रॅनबेरीच्या वाफ्यांवर काही वर्षांनी वाळूचा थर देतात, आणि शंभर वर्षांहून जुन्या वेली फळ देत राहतात. फोटोत दिसणारं लाल फळांचं तळं पाहून बरेच जण समजतात की क्रॅनबेरी पाण्यात वाढते. तसं नाही. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे ते तरंगतं. म्हणून काढणीच्या वेळी वाफा पाण्याने भरतात, यंत्राने वेली घुसळतात आणि वर आलेली फळं गोळा करतात. ही फळं ज्यूस आणि सुकामेव्यासाठी जातात. ताजी विकायची फळं कोरड्या वाफ्यातूनच काढतात. अमेरिकेतलं निम्म्याहून अधिक पीक आता विस्कॉन्सिन राज्यात येतं. तुमची बहीण राहते त्या न्यू जर्सीतही जुने मळे आहेत. नोव्हेंबरात तिकडे ताज्या फळाच्या पिशव्या स्वस्त मिळतात आणि मराठी घरांत त्याचं लोणचं, मेथांबा होतो. चवीला ते छान लागतं, पण त्यात पडणारा गूळ आणि मीठ पाहता त्याला औषध समजू नका.

ज्यूसचा बोलबाला कसा झाला हेही सांगायला हवं. १९५९ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर, अमेरिकी सरकारने जाहीर केलं की काही क्रॅनबेरींमध्ये अमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश सापडला आहे. विक्री कोसळली. सणापुरत्या विकल्या जाणाऱ्या फळावर जगणं धोक्याचं आहे हे बागायतदारांना उमगलं आणि वर्षभर खपेल अशा ज्यूसवर भर आला. आरोग्याचे दावे त्या ज्यूसबरोबर वाढले, आणि नंतरच्या बऱ्याच संशोधनाला उद्योगाचा पैसा मिळाला. म्हणून प्रत्येक अभ्यास खोटा ठरत नाही, पण एकाच अभ्यासावर विसंबू नये एवढं मी रुग्णांना नक्की सांगते.

आता ती काम कशी करते? सुरुवातीला, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, डॉक्टरांना वाटे की क्रॅनबेरीने लघवी आम्लधर्मी होते आणि त्यात जंतू मरतात. पण लघवीचा आम्लपणा जंतू मारण्याइतका वाढवायचा तर कुणालाही पिववणार नाही इतका ज्यूस लागेल. १९८४ मध्ये वेगळाच धागा हाती लागला. लघवीचे बहुतेक संसर्ग ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमुळे होतात. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. रानातून चालताना साडीच्या काठाला कुसळं धरतात, तसे हे तंतू लघवीच्या पिशवीच्या अस्तराला धरतात, म्हणून लघवीच्या धारेबरोबर जंतू वाहून जात नाहीत. क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं, तीही ‘ए’ प्रकारच्या जोडणीची, हे चिकटणं कमी करतात. द्राक्षं, सफरचंद, चहा, कोको यांत मुख्यतः ‘बी’ प्रकारची असतात आणि त्यांचा तसा परिणाम दिसत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. जंतू चिकटू न देणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकदा जंतू चिकटून, वाढून, पिशवीला सूज आली की न चिकटू देणाऱ्या पदार्थाचं काम संपलेलं असतं. शिवाय सुटलेले जंतू बाहेर पडायला पुरेशी लघवी व्हावी लागते आणि पिशवी पूर्ण रिकामी व्हावी लागते. पाणी न पिता क्रॅनबेरी घेणाऱ्याला तिचा फायदा मिळणं कठीण.

पुरावा किती आहे? बरीच वर्षं तो हेलकावे खात होता. १९९४ मध्ये अमेरिकेत १५३ वृद्ध स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात रोज ३०० मिलिलिटर ज्यूस पिणाऱ्यांच्या लघवीत जंतू आणि पू एकत्र सापडण्याचं प्रमाण कमी दिसलं. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि शिफारस करण्याइतका फायदा दिसत नाही असं म्हटलं. २०१६ मध्ये नर्सिंग होममधल्या १८५ वृद्ध स्त्रियांना वर्षभर चांगल्या ताकदीच्या कॅप्सूल देऊनही फरक पडला नाही. मग २०२३ मध्ये कॉक्रेनने ५० अभ्यास आणि ८,८०० हून अधिक लोकांची माहिती घेऊन आढावा पुन्हा केला, आणि निष्कर्ष बदलला. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये, कल्चरने (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीने) सिद्ध झालेल्या संसर्गाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटला. मुलांमध्ये ही घट ५४ टक्क्यांच्या आसपास होती. पण संस्थांमध्ये राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, आणि मज्जातंतूंच्या बिघाडामुळे ज्यांची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही असे रुग्ण, यांना फायदा दिसला नाही.

हे शेवटचं वाक्य तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पिशवीच्या नसा मंदावतात. लघवी होऊन गेली असं वाटतं, पण आत शंभर-दीडशे मिलिलिटर उरलेली असते, आणि साखर असलेली साचलेली लघवी जंतूंना फार सोयीची. म्हणून पहिली तपासणी पोटाच्या सोनोग्राफीची करा आणि त्यात लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरते हे मोजून घ्या. सांगितलं नाही तर कधी कधी फक्त भरलेली पिशवी पाहून रिपोर्ट दिला जातो. मुतखडा आहे का हेही त्यातच दिसेल.

दुसरं, चारही वेळा कल्चर झालं होतं का? माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या फाइलीत एकही कल्चर नसतं, जळजळ म्हटलं की गोळी लिहिलेली असते. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी, निर्जंतुक बाटलीत, मधल्या धारेची लघवी घ्यायची आणि दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवायची. आपल्याकडे ई. कोलाय अनेक नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनासा झाला आहे, त्यामुळे अंदाजाने औषध देणं दिवसेंदिवस महाग पडतं आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: काहीच त्रास नसताना सहज केलेल्या तपासणीत जंतू दिसले, तर मधुमेही किंवा वयस्क व्यक्तीला त्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये. तसं देणं योग्य ठरतं ते गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांपूर्वी.

आणि आई मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेतात का ते पाहा. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. औषधं चांगली आहेत, पण त्यांनी बाहेरच्या नाजूक भागात बुरशी होऊ शकते. खाज आणि आग तिथली असते आणि उपचार मात्र लघवीच्या संसर्गाचा चालतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

तिसरी गोष्ट घरात बोलली जात नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनिमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, तिथले उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जंतू जातात आणि आतड्यातले जंतू जागा घेतात. या वयातल्या वारंवार संसर्गाचं हे फार मोठं कारण आहे. योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम यावर क्रॅनबेरीपेक्षा कितीतरी प्रभावी आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९३ स्त्रियांच्या अभ्यासात क्रीम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ संसर्ग झाले, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांशी बोलावं लागतं. एरवी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हा विषय स्वतः काढा. आई संकोचाने सांगणार नाहीत, तुम्ही विचारलंत तर सांगतील.

पाण्याचं मी फार आग्रहाने सांगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० तरुण स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. यात औषध नाही, खर्च नाही. पण आपल्या बायका पाणी कमी का पितात? एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात जाववत नाही, शाळेत किंवा बाजारात सोय नाही, लग्नाच्या हॉलमध्ये रांग. सकाळी घरातून निघताना पाणी न पिणं ही त्यांची सवय नाही, नाइलाज आहे. मला याचा संताप येतो, कारण माझ्या ओपीडीतले कितीतरी संसर्ग एका स्वच्छ संडासाने टळले असते. उन्हाळी लागली की आपण धने-जिऱ्याचं किंवा जवाचं पाणी देतो, त्यातही खरं काम पोटात जास्त गेलेलं पाणी करतं. ते जरूर द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाण्याची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

एवढं झाल्यावर क्रॅनबेरी. दुकानातून आणलेल्या सुक्या क्रॅनबेरी आईंना देऊ नका. ताज्या फळाच्या १०० ग्रॅममध्ये साखर जेमतेम ४ ग्रॅम असते आणि फळ इतकं आंबट-तुरट असतं की तसं खाववत नाही. म्हणून सुकवताना बहुधा आधी रस काढून घेतात आणि उरलेलं फळ साखरेच्या पाकात मुरवतात. परिणामी १०० ग्रॅम सुक्या क्रॅनबेरीत सत्तरच्या आसपास ग्रॅम साखर, आणि कामाची द्रव्यं फारच थोडी. एक मोठी मूठ म्हणजे सहा-सात चमचे साखर झाली. घरातल्या बाकीच्यांनी चिवड्यात, शिऱ्यात घालून खाव्यात, बेदाण्यासारख्या. २०२३ मध्ये भारताने अमेरिकी क्रॅनबेरीवरचं आयात शुल्क कमी केल्यापासून त्या जास्त दिसू लागल्या आहेत आणि पाकिटावर ‘सुपरफूड’ लिहिलेलं असतं. त्या शब्दाला वैद्यकात अर्थ नाही.

ज्यूसचं तसंच. नेहमी मिळणारं ‘क्रॅनबेरी ड्रिंक’ म्हणजे साधारण पाव भाग रस, बाकी पाणी आणि साखर. मधुमेहात ते नकोच. बिनसाखरेचा शुद्ध रस चालेल, पण महाग असतो आणि रोज पिणं अवघड जातं. म्हणून आईंसाठी कॅप्सूलच सोयीची. बहिणीने पाठवलेल्या डब्यावर क्रॅनबेरी अर्क किती, एवढंच पाहू नका. प्रोअँथोसायनिडिन किती मिलिग्रॅम ते शोधा. बऱ्याच अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम हे प्रमाण वापरलं आहे. ५०० मिलिग्रॅम अर्कात ते ३६ असेल किंवा दोनच असेल, लिहिलं नसेल तर कळायला मार्ग नाही. परिणाम काही तासांचा असतो, म्हणून रोज घ्यावी लागते. त्रास झाला की दोन घेतल्या, असं करून उपयोग नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या पुड्यांत क्रॅनबेरीबरोबर डी-मॅनोज ही साखर असते. तिची बरीच जाहिरात झाली, पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवरच्या अभ्यासात तिने संसर्ग कमी झाले नाहीत. तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मग रोज कमी डोसचं अँटिबायोटिक देणं बरं नाही का, असं काही जण विचारतात. नेदरलँड्समध्ये २२१ स्त्रियांवर दोन्हींची तुलना झाली. वर्षभरात क्रॅनबेरीच्या गटात सरासरी ४ संसर्ग, अँटिबायोटिकच्या गटात १.८. म्हणजे अँटिबायोटिक सरस. पण एका महिन्यातच त्या गटातल्या स्त्रियांच्या शौचातले ८६ टक्के ई. कोलाय त्या औषधाला दाद देईनासे झाले, क्रॅनबेरीच्या गटात ते सुमारे २४ टक्के होते. म्हणूनच फायदा थोडा असूनही मी क्रॅनबेरीला बाजूला सारत नाही. तिने जंतू निर्ढावत नाहीत.

कुणी जपायचं? वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कॅप्सूल किंवा रोजचा ज्यूस सुरू करू नये. रक्तस्राव वाढल्याच्या काही घटनांमुळे ब्रिटनमध्ये तसा इशारा दिला गेला होता. नंतरच्या अभ्यासांत थोड्या प्रमाणाने फारसं बिघडत नाही असं दिसलं, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) पाहूनच ठरवावं. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी अर्काच्या कॅप्सूल टाळलेल्या बऱ्या. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना आंबट रसाने जळजळ वाढते.

हृदय, पोट, दात, त्वचा यांबद्दल जे दावे फिरतात त्यांचं थोडक्यात सांगते. रक्तवाहिन्या सैल होण्याबद्दलचे अभ्यास छोटे आणि काही आठवड्यांचे आहेत. चीनमध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूचा संसर्ग असलेल्या १८९ जणांच्या अभ्यासात एका गटाला तीन महिने ज्यूस दिला तेव्हा सुमारे १४ टक्क्यांची तपासणी निगेटिव्ह आली, दुसऱ्या गटात ५ टक्क्यांची. कुतूहल वाटावं असं आहे, पण उपचार म्हणून अपुरं. क जीवनसत्त्वासाठी तर आपला आवळा आणि पेरू कितीतरी पुढे आहेत.

तर आईंसाठी क्रम असा ठेवा: सोनोग्राफी आणि उरलेल्या लघवीचं मोजमाप, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी), पुढच्या वेळी त्रास झाला की आधी कल्चर, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे क्रीमबद्दल विचारणा, पाणी. पिशवी नीट रिकामी होत असेल आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू नसतील, तर ३६ मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एक, सहा महिने. संसर्गाच्या तारखा आणि कल्चरचे रिपोर्ट एका वहीत ठेवा. सहा महिन्यांत प्रमाण घटलं नाही तर कॅप्सूल बंद करा. मधे कधीही थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मधुमेहात किडनीपर्यंत चढलेला संसर्ग फार वेगाने वाढतो.